अकरा दहाची बस

फाएन्झात पूर आला त्या मे महिन्यात
नदी माझ्या तळघरात तीन दिवस मुक्कामाला होती.
गेली तेव्हा मागे ठेवून गेली
घोट्याएवढा गाळ, एक परकी चप्पल,
आणि टेपांचे डबे. उघडले तर
आत तपकिरी शेवया.

त्यातली एक चौऱ्याऐंशीची.
ओस्वाल्दोचं गॅरेज, भिंतीला अंड्यांचे ट्रे,
हप्त्यावर घेतलेलं ड्रम मशीन,
आणि बुटांच्या कारखान्यातून थेट आलेली फिओरेन्झा,
बोटांना डिंकाचा वास.
गाणं इंग्रजीतलं. इंग्रजी आम्हा तिघांनाही येत नव्हतं.
शब्दकोशातून वेचून वेचून
आम्ही प्रेमाला क्रियापदाशिवाय उभं केलं.
रेकॉर्ड कधी निघालीच नाही.
मुखपृष्ठ मात्र छापून तयार होतं :
रिमिनीच्या वाळूत दुसरीच कुणी मुलगी,
तोंड अर्धं उघडं,
फिओरेन्झाच्या आवाजासाठी जागा केल्यासारखं.

भाचा म्हणतो, मामा, टेप कशाला हवी?
चौकटीत लिही काय हवं ते, यंत्र गातं.
मी लिहिलं, चष्मा पुसत, एका बोटानं :
युरोडिस्को, चौऱ्याऐंशी, उड्या मारणारा बेस,
टाळ्या, माणसांच्या नव्हे, मशीनच्या,
बाई दुःखी, ताल आनंदी.

कॉफी वर येण्याआधी गाणं आलं.
खरं सांगतो, चांगलं होतं.
आमच्यापेक्षा चांगलं. बेस अगदी तसाच,
दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढणारा पोरगा.
फक्त ती बाई इंग्रजी अचूक बोलत होती.

मी लिहिलं : गायिकेला इंग्रजी येत नाही.
तिनं एक शब्द चुकवला, नम्रपणे,
लहान मुलाशी पत्ते खेळताना
मुद्दाम हरावं तसा.
लिहिलं : टेपची खरखर. दिली.
लिहिलं : बाहेर स्कूटर. दिली,
डावीकडून उजवीकडे, अदबीनं जाणारी.
रात्री दोनपर्यंत एकवीस गाणी,
एकवीस बायका,
एकीच्याही बोटांना डिंक नाही.

सकाळी फिओरेन्झाला फोन लावला.
गुडघा बदललाय, वेळ असतो तिला.
फोन स्पीकरपाशी, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.
ती शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाली,
"गाते छान. कोण आहे?"
कुणी नाही, म्हटलं.
"तरीच. हिला कुठं जायचंच नाहीये."
आणि जरा थांबून :
"एर्मेस, माझी शेवटची बस अकरा दहाची होती."

तेव्हा आठवलं.
मशीनचा काटा मी एकशे बारावर ठेवला होता,
तिनं घड्याळाकडे बघत एकशे अठरावर नेला.
चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,
तो वेग म्हणजे त्या काळाची नस.
नस कसली. बस.

फोन चालूच होता. मी चौकटीत लिहिलं :
तिला शेवटची बस गाठायची आहे.
यंत्रानं क्षणभर विचार केला
आणि दुसऱ्या कडव्यानंतर
बसचा हॉर्न वाजवला.
फिओरेन्झा इतकी हसली
की टाक्यांपर्यंत कळ गेली तिच्या.

हसणं ओसरल्यावर म्हणाली,
"आता कुठली बस. हळू कर जरा."
एकशे दहा. "अजून." शंभर. "अजून."
ब्याऐंशीवर तिनं सूर लावला,
जुन्या पट्टीच्या चार स्वर खाली.
क्रियापद अजूनही नव्हतं.
याला डिस्को कुणी म्हणणार नाही,
यावर नाचेल तर एखादा नवा गुडघाच.

आतल्या खोलीतून भाचा ओरडला,
मामा, रेकॉर्ड करतोयस ना?
मी उत्तर दिलं नाही.
दोन्ही हात टाळीत गुंतले होते,
आणि टाळी चुकत होती.